बिनमोराचा डबा

१

भाद्रपद वद्य चतुर्दशीच्या भर दुपारी देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी खंडोजी हमालानं अशी बोंब ठोकली, की वरच्या पायऱ्यांवरची माकडंसुद्धा दोन झाडं मागे सरली.

घटस्थापना परवावर आली होती. टेकडीवरच्या दोन्ही देवींपर्यंतची वाट नवरात्रभर उजळायची, म्हणून दोनशे कंदील धुऊनपुसून, वाती कातरून ओळीनं मांडले होते. खंडोजीनं नवा डबा फोडला आणि कंदील भरायला घेतले. दोन कंदील झकास पेटले. तिसऱ्याची वात तडतडली आणि विझली. चौथ्याची तीच गत. त्यानं डब्यात हात घातला, बोट जिभेला लावलं आणि थू थू करत उठला.

"अरे, पाणी आहे पाणी! वर बोटभर घासलेट आणि खाली नुसती विहीर!"

थोरल्या कोठीतले वीसच्या वीस डबे उघडले. नऊ डब्यांत पाणी निघालं.

आता देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं. रस्त्याची ही बाजू थोरल्या पातीची, ती बाजू धाकट्या पातीची. उत्सवाची पंचमंडळीही अर्धी इकडची, अर्धी तिकडची. पायथ्याशी दोन कोठ्या, एक थोरली, एक धाकटी. जे काही उत्सवासाठी यायचं ते दोन्ही बाजूंचे हमाल ढिगातून हाताला येईल तसं उचलायचे, एक यांनी, एक त्यांनी. नारळ असोत की गुळाच्या भेल्या, वाटणी अशीच. परवा आलेले घासलेटचे चाळीस डबेही असेच वाटले गेले होते.

आणि ते डबे आले होते अक्काकडून. पंधरा वर्षं उत्सवाला मोरछाप घासलेट जळत होतं. यंदा पंचांनी पहिल्यांदाच अक्काचं घेतलं होतं, कारण मोरछापची बाटली दोन आण्याला आणि अक्काची दीड आण्याला. डब्यावर ना मोर, ना नाव, ना काही. एवढं स्वस्त कसं परवडतं, हे कोडं वर्षभर गावाला सुटत नव्हतं. ते आज एका क्षणात सुटलं.

"पाणी विकते बाई! म्हणून स्वस्त!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि दिवेलागणीच्या आत ते वाक्य दोन्ही पात्यांत घरोघरी पोचलं.

२

जगदेवराव त्या वेळी इंदिराबाईंच्या, म्हणजे धाकट्या बहिणीच्या ओसरीवर बसून मिशांना पीळ देत होते. धारच्या फौजदारीत तीस वर्षं काढलेला माणूस. नवरात्राला म्हणून बहिणीकडे आलेले. धारचं पाणी, धारचे पेढे, धारची माणसं यांच्यापुढे जगात काही आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि हे ते समोरच्याला पटेपर्यंत सांगत.

संध्याकाळी उत्सवाचे मुख्य पंच उदाजीराव स्वतः आले. वयस्कर, शांत माणूस, पण आज त्यांचा आवाज चढला होता.

"रावसाहेब, तुम्हीच बघा आता. थोरल्या पातीच्या माणसानं चौकशी केली तर धाकटे मानणार नाहीत. धाकट्यानं केली तर थोरले मानणार नाहीत. तुम्ही धारचे. ना इकडचे, ना तिकडचे."

"ते ठीक. पण बाईचं तुम्ही काय करणार?"

"उद्या अमावास्या. उद्याच्या दिवसात तिच्या बाजूनं काही निघालं नाही, तर दोन्ही पात्या मिळून तिला घालवणार."

जगदेवरावांना त्याचा अर्थ बरोबर कळला. देवासात एका पातीनं हाकललं तर माणूस रस्ता ओलांडतो आणि दुसऱ्या पातीत दुकान मांडतो. दोघींनी मिळून हाकललं तर त्याला गावच उरत नाही.

"तेलात पाणी घालणाऱ्याला घालवायलाच हवं," ते गुरगुरले. मग ओसरीवरच्या दिव्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघा तेल! कशी शुभ्र ज्योत आहे. काचेला काजळी नाही. अहो, मोरछाप म्हणजे मोरछाप. मानकऱ्याच्या घरात हेच शोभतं. काय गं इंदू?"

 एरवी दादाच्या प्रत्येक वाक्याला इंदिराबाईंचं उत्तर तयार असे. आज त्या कोपऱ्यातल्या मोराचं चित्र असलेल्या डब्यासमोर उभ्या राहिल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. तीस वर्षं गुन्हेगारांचे चेहरे वाचणाऱ्या जगदेवरावांनी बहिणीचा चेहरा पाहिला आणि त्यांच्या मिशीचा पीळ अर्ध्यावरच थांबला.

३

सकाळी ते इंदूर रस्त्यावरच्या गाडीतळावर गेले. अक्काचं दुकान म्हणजे चिंचेखाली एक बाजलं, मागे डब्यांची रास, पुढे पितळी माप आणि नरसाळं. एरवी म्हणे इथे बाटल्या घेऊन रांग लागायची. आज चिटपाखरू नव्हतं.

अक्का बाजल्यावर ताठ बसली होती. पन्नाशीची, उन्हानं रापलेली. खरं नाव कुसुमावती, पण ते कुणाला आठवत नसे.

"चौकशीला आलात?"

"हो. मी जगदेवराव. धारचा."

"धारचे?" ती पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघू लागली. "मी तिरल्याची. नवरा इथल्या पागेत होता. तो गेल्यावर भावांनी माघारी बोलावलं. मी म्हटलं, येणार नाही. माझं मी बघेन."

तिरला म्हणजे धारच्या उंबरठ्यावरचं गाव. जगदेवराव मनात म्हणाले, चोरी करावी आणि तीही आपल्याकडच्या लेकीनं!

"मग सांगा, दीड आण्याला कसं परवडतं?"

"ते नाही सांगणार."

"बाई, गाव तुम्हाला चोर म्हणतंय. आज सांगितलं नाही तर उद्या तुम्ही गावाबाहेर."

"कळतंय मला. पण दोन वर्षं डोकं झिजवून बसवलंय मी हे. चोर म्हटलं म्हणून घाबरून ओकून टाकू? आधी माझं तेल चोख होतं हे सिद्ध करा. मग विचारा. मग मी मान वर करून सांगेन. आत्ता सांगितलं तर ती गयावया होईल, भिया, आणि ती मला येत नाही."

जगदेवरावांना राग यायला हवा होता. आला नाही. उलट तिनं भावाला घालावी तशी 'भिया' हाक घातली, आणि हीच मान आपल्या आत्यांची, आपल्या आजीची, असं त्यांना वाटून गेलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि डब्यांची रास बघत राहिले. एकही डबा धड नव्हता. कुणाचा वरचा कोपरा दुमडलेला, कुणाची खालची कड आत गेलेली. बाजूला एका टोपलीत मात्र कंदिलाच्या नव्या काचा आणि वातींची बंडलं नीटनेटकी रचलेली होती.

"हे असले पोचे आलेले डबे?"

"तेलाला पोचा पडत नाही," अक्का म्हणाली.

तेवढ्यात एका सरदाराचा गडी डबा घेऊन आला आणि "घरी मांडून ठेवा" म्हणाला. अक्कानं मापाला हातही लावला नाही. "इथे मांडून ठेवत नाहीत रे. रोख." गडी पाय आपटत गेला. सबंध सकाळचं ते एकुलतं एक गिऱ्हाईक, आणि तेही तिनं परत धाडलं होतं!

४

मल्हाररावांचं दुकान बाजाराच्या नाक्यावर. रंगीत पाटी, पाटीवर पिसारा फुलवलेला मोर, आत गादी, तक्क्या, दोन कारकून आणि पानाचं तबक. मल्हारराव मोरछापचे देवासातले एकमेव अडत्ये. पंधरा वर्षं उत्सवाचं तेल त्यांच्याकडून जायचं. बोलायला गोड माणूस.

"या, या रावसाहेब! मला तर बाईची दया येते. पण स्वस्त द्यायचं म्हणजे कुठेतरी पाणी मारणं आलंच."

"तुमचं महाग का पडतं?"

"ब्रँड आहे ना, साहेब! चित्र आहे. विलायतेहून छापून येतं. शिवाय मानकरी मंडळींची घरं. त्यांच्याकडे पैसे मागायचे नसतात, ते देतील तेव्हा घ्यायचे. ही गादी, हे कारकून. आणि आम्ही देवाला धरून धंदा करतो. डबा दुकानात आला की आधी शेंदराचं बोट लागतं त्याला. तेसुद्धा तळाला. मोरावर डाग नको, आणि देवीला दिसल्याशी कारण."

बोलता बोलता एक गडी आला, कुणाच्या तरी घरचा डबा भरून घेऊन गेला. दमडी दिली नाही. जगदेवरावांनी ते पाहिलं आणि मनाशी म्हटलं, याच्या तेलाचे पैसे दुसरंच कुणीतरी भरतंय. म्हणजे जो पैसे देतो तोच. म्हणजे मानकरी असूनही रोख मोजणारी आमची इंदू.

तिथून ते भास्करकडे गेले. भास्कर उत्सवाचा कारकून. दोन्ही कोठ्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे. बारीक अंगाचा, घाबरट, पण कामाला चोख. त्यानं सदऱ्याची गुंडी सोडून जानवं बाहेर काढलं. दोन्ही किल्ल्या त्याला गाठ मारून बांधलेल्या होत्या.

"रात्रंदिवस इथेच असतात. आंघोळीलासुद्धा काढत नाही. कोठीत जायचं तर दोन्ही बाजूंचा एकेक माणूस बरोबर लागतो, मग मी उघडतो. द्वादशीला डबे आत ठेवले, कुलूप लावलं, ते काल दुपारीच उघडलं. मधे कुणी गेलं नाही. जानव्याची शपथ."

त्याच्या अनामिकेवर श्राद्धात घालायच्या दर्भाच्या पवित्रकाचा वळ अजून दिसत होता. त्याचं लक्ष तिकडे गेलं आणि त्यानं झटकन हात मागे घेतला.

"वडील कधी गेले?" जगदेवरावांनी सहज विचारलं.

"झाली सात वर्षं. त्रयोदशी."

"म्हणजे परवाच श्राद्ध झालं."

"हो, झालं," भास्कर म्हणाला, आणि त्याच्या कपाळावर घाम आला.

५

दुपारी जगदेवरावांनी उदाजीरावांना सांगितलं, "धाकटी कोठी उघडा."

धाकट्या पातीच्या पंचांनी आकांत मांडला. आमचे डबे घटस्थापनेला उघडायचे असतात, थोरल्यांच्या भानगडीत आमचं तेल कशाला नासवता? जगदेवरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, पण तुमच्या वाट्याला पाणी आलं असेल तर उद्या देवीसमोर कळून काय उपयोग?"

 दोन्ही बाजूंची माणसं बरोबर घेऊन कोठी उघडली. खंडोजीनं एकेक डबा फोडला. पहिला, घासलेट. दुसरा, घासलेट. दहावा, पंधरावा. विसावा डबा फोडला. नितळ, चोख घासलेट. एका डब्यातही पाणी नव्हतं.

"बघा, आमच्या नशिबी चांगले आले!" धाकटे खूश झाले.

"नशीब?" जगदेवराव म्हणाले. "थोरल्या कोठीतले ते नऊ डबे बाहेर काढा. ओतू नका, तसेच काढा."

नऊ डबे उन्हात मांडले. तेही पोचे आलेलेच, अक्काच्या डब्यांसारखे. जगदेवराव त्यांच्याभोवती दोनदा फिरले. मग गुडघ्यावर बसले आणि एकेका डब्यावरून हात फिरवला, जसा जनावर विकत घेताना फिरवतात. कोपरे, कडा, पोट. मग एक डबा त्यांनी आडवा केला, तळ बघितला आणि मोठ्यानं हसले.

"उदाजीराव, संध्याकाळची वाट कशाला बघायची? सगळ्यांना इथेच बोलवा. अक्कालाही. आणि मल्हाररावांना म्हणावं, एक रिकामा डबा घेऊन या."

६

तासाभरात पायथ्याशी अख्खं गाव जमलं. रस्त्याच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, सवयीनं, थोरले इकडे आणि धाकटे तिकडे. अक्का मात्र कुठल्याच बाजूला उभी नव्हती. ती एकटी, रेघेवर.

जगदेवराव उभे राहिले.

"मंडळी, अक्कानं चाळीस डबे आणले. ढिगातून तुमच्या हमालांनी उचलले, एक यांनी, एक त्यांनी, हाताला येईल तो. आता त्यातले नऊ पाण्याचे असते, तर ते दोन्हींकडे गेले असते. चार इकडे, पाच तिकडे. फार तर तीन-सहा. नऊच्या नऊ एकाच बाजूला? खंडोजी, तू पंधरा वर्षं नारळ वाटतोयस. सगळे नासके कधी एकाच पातीला गेले?"

"नाही जी," खंडोजी म्हणाला. "गेले असते तर डोकी फुटली असती."

लोक हसले.

"म्हणजे पाणी वाटणीनंतर आलं. कोठीत आलं. तुमच्या वाटणीच्या रिवाजानंच अक्काला सोडवलं." ते मागे वळले. "मल्हारराव, डबा आणलात?"

मल्हाररावांच्या गड्यानं रिकामा डबा पुढे ठेवला. जगदेवरावांनी शेजारी अक्काचा भरलेला डबा ठेवला, हातातली काठी उचलली आणि दोन्ही डब्यांच्या पोटात एकेक सणसणीत रट्टा दिला. रिकामा डबा खड्ड्यासारखा आत गेला. भरलेला नुसता घुमला.

"भरल्या डब्याच्या पोटात मारलं तर आतलं तेल रेटून धरतं. तो चेपतो फक्त कोपऱ्याला, कडेला. अक्काचे सगळे डबे कोपऱ्यात चेपलेले आहेत, कारण ते भरलेले असताना आपटलेत. आणि हे नऊ बघा. एकूण एक पोटात चेपलेले. कुणीतरी चांगले रिकामे डबे घेतले, अक्काच्या डब्यांसारखे दिसावेत म्हणून ठोकले, चित्रं खरवडली, पाणी भरलं, वर बोटभर तेल ओतलं आणि ते इथे ठेवून तिचे नऊ भरलेले नेले. माणूस हुशार. पण त्यानं डबा कधी स्वतः उचलला नसणार, नाहीतर हे त्याला ठाऊक असतं."

"पण कोठी तर बंद होती!" मल्हारराव म्हणाले. "किल्ली भास्करच्या जानव्याला असते, साऱ्या गावाला ठाऊक आहे."

"असते. पण श्राद्धाला जानवं सारखं इकडून तिकडे करावं लागतं. सव्य, अपसव्य, पुन्हा सव्य. गळ्यात दोन लोखंडी किल्ल्या घेऊन कोण पिंड देईल? भास्कर, त्रयोदशीला किल्ल्या कुठे होत्या?"

भास्करनं जानवं मुठीत धरलं. त्याच्या मागून त्याच्या बायकोचा, विनोदिनीबाईंचा आवाज आला. "सांगून टाका हो. तुम्ही नाही सांगणार तर मी सांगते. खुंटीवर होत्या. मी सोवळ्यात, वडे तळत होते. मल्हारभाऊ दारात आले. म्हणाले, थोरल्या कोठीत तोरणं आणि आंब्याचे डहाळे ठेवायचेत, गाडी भरून आणलीय. मी म्हटलं, मला शिवू नका, खुंटीवर आहेत, घ्या. तासानं आणून टांगल्या."

"एका बाजूच्या माणसाला मी एकट्याला कोठीत जाऊ दिलं," भास्कर पुटपुटला. "हे कळलं असतं तर नोकरी गेली असती, नाव गेलं असतं. म्हणून खोटं बोललो. माझं चुकलं."

मल्हाररावांनी हात झटकले. "तोरणंच ठेवली मी! डबे माझे आहेत कशावरून? चित्र आहे का कुठे?"

"चित्र तुम्ही खरवडलंत," जगदेवराव म्हणाले, आणि एकेक करून त्यांनी नऊही डबे पालथे केले. पाणी मातीत वाहून गेलं. प्रत्येक तळावर, मधोमध, जुन्या शेंदराचं एक बोट उठलेलं होतं. "पण मोरावर डाग नको म्हणून देवीला तळाशी शेंदूर लावता, तो विसरलात. डोळ्यांआड असलेली भक्ती, मल्हारराव. हात आपोआप लावतो, आणि मग लक्षात राहत नाही."

मल्हाररावांचा चेहरा उतरला. उदाजीरावांनी दोन्ही बाजूंची माणसं दुकानावर धाडली. गादीमागच्या खोलीत आंब्याच्या सुकलेल्या डहाळ्यांखाली नऊ डबे सापडले. प्रत्येकाचा कोपरा चेपलेला.

७

"अक्का," उदाजीराव हात जोडून म्हणाले, "गाव चुकलं. मल्हाररावांचं काय करायचं ते दोन्ही पात्या बसून ठरवतील, पण उत्सवाच्या पायरीवर त्यांचं तेल पुन्हा चढणार नाही. आता एक विचारू? नसेल सांगायचं तर नको."

अक्कानं पदर खोचला. आवाज असा लावला, की शेवटच्या माणसालाही ऐकू जावा.

"सांगते की! आता का नाही सांगणार? महूच्या आणि इंदूरच्या मालधक्क्यावर डबे गाडीतून उतरवताना आपटतात. चित्र फाटतं, कोपरा चेपतो. मोरवाला असो की आणखी कुणी, असला डबा अडत्ये घेत नाहीत, मानकरी हात लावत नाहीत. मी घेते. कुठल्या छापाचा ते विचारत नाही, त्या दिवशी ज्याचा माल पडून असेल त्याचा घेते. माझ्या भावांच्या गाड्या इथला कापूस घेऊन तिकडे जातात आणि पुढच्या खेपेसाठी रिकाम्या इथे परततात. त्यांत माझं तेल येतं, वाटखर्च बैलांच्या पेंडीपुरता. मला गादी नाही, पाटी नाही. चिंच भाडं मागत नाही. बाटली तुमची, माप माझं. रिकामा डबा त्याच दिवशी टिनवाल्याला विकते. तेलावर मला जवळजवळ काही सुटत नाही, खरं सांगते. पण तेलाला आलेला माणूस काच नेतो, वात नेतो. पोट त्याच्यावर. आणि उधारी कुणालाही नाही, सरदारालासुद्धा नाही. कारण सरदाराचं न दिलेलं तेल शेवटी कुणातरी विधवेच्या बाटलीत महाग होऊन पडतं. मी आहे ना विधवा, मला माहीत आहे."

 सरदारमंडळी आपापल्या जोड्यांकडे बघत होती.

"करा तुम्हीही. गुपित आता गुपित राहिलं नाही," अक्का म्हणाली. "पण चेपलेला डबा डोक्यावर घेऊन बाजारातून चालायला मान लागते. ती ज्याची त्यानं आणावी."

 जगदेवराव गर्दीकडे वळले आणि कारण नसताना गरजले, "तिरल्याची आहे ही! धारची लेक आहे, ऐकलंत का?" आणि मग रुमालात नाक शिंकरत बसले.

घरी परतल्यावर त्यांनी कोपऱ्यातल्या मोराच्या डब्याकडे पाहिलं.

"इंदू, यात कुणाचं तेल आहे?"

इंदिराबाईंनी मान खाली घातली. "वर्षभर अक्काचंच आहे, दादा. शेजारणीकडून आणवते आणि यात ओतते. पाव्हणेरावळे येतात, त्यांना मोर दिसला पाहिजे ना. तुम्हाला कसं सांगू? तुम्ही दरवेळी इतकं कौतुक करता त्या ज्योतीचं."

जगदेवरावांनी एकदा ज्योतीकडे, एकदा मोराकडे पाहिलं. मग इतके हसले, की मिशीचा पीळ सुटला.

दुसऱ्या दिवशी, घटस्थापनेला, अक्काच्या चिंचेखाली रांग रस्त्याच्या मधल्या रेघेपर्यंत गेली होती. थोरले, धाकटे एकाच रांगेत. रांगेच्या टोकाला पागोटं, उपरणं, पायांत जरीचा जोडा घातलेले जगदेवराव हातात रिकामा डबा घेऊन उभे होते. डब्यावरचं मोराचं चित्र खरवडून काढलेलं. "रावसाहेब, गड्याला पाठवायचं!" कुणीतरी म्हणालं. त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला आणि एक पाऊल पुढे सरकले.

त्यांची पाळी आली. अक्कानं माप भरलं, नरसाळं लावलं, डबा भरला. मग हात पुढे केला.

"रोख, भिया."

"माहेरच्या माणसालासुद्धा?"

"माहेरच्या माणसाला तर आधी."

जगदेवरावांनी पैसे मोजून तिच्या हातावर ठेवले. डबा उचलला, खांद्यावर घेतला आणि मागच्या गल्लीनं न जाता भर बाजारातून, मल्हाररावांच्या बंद दुकानासमोरून, मान ताठ ठेवून बहिणीच्या घराकडे निघाले. टेकडीवर त्या दिवशी दिवे लागले तेव्हा ते ओसरीवर बसले होते, आणि बिनमोराचा तो डबा सगळ्यांना दिसेल असा त्यांनी पायरीवर मांडला होता.